दस्तात नसलेले घर

चेन्नईत आम्ही घर घेतले ते सिरुसेरीच्या वाटेवर. तिकडे संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या वर्षांत. दस्तनोंदणी बुधवारी ठरली. बुधवारी राहुकाळ बाराला लागतो. बिल्डरच्या माणसाने बजावले होते, सह्या त्याआधी व्हायला हव्यात. गुरुवारपासून तमिळ आडी महिना, त्यात इथे कोणी घराचे व्यवहार करत नाही, आणि तो संपेपर्यंत आमच्यासाठी घर अडवून ठेवता येणार नाही.

मी शिक्षिका. प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, असे वर्गात सांगून सांगून ती सवय मलाच जडली आहे. उपनिबंधक कार्यालयाच्या व्हरांड्यात दस्त हाती आला तेव्हा मी पहिल्या ओळीपासून वाचू लागले. सर्व्हे नंबर होता, चतुःसीमा होत्या, जमिनीचा अविभक्त हिस्सा चौरस फुटांत होता. मजला नव्हता. सदनिकेचा क्रमांकही नव्हता.

"यात आपले घरच नाही," मी म्हणाले.

"असेल गं कुठेतरी," यजमान घड्याळाकडे पाहत म्हणाले. "अकरा वीस झाले. कर सही."

"आधी दाखवा, मग करते."

पुण्यात बहिणीने घर घेतले तेव्हा मी साक्षीदार होते. तिथल्या करारनाम्यात विंग, मजला, क्रमांक सारे होते आणि तोच नोंदवला गेला होता. इथे नुसती जमीन! ही फसवणूकच, अशी माझी खात्री झाली.

दस्तलेखक तंजावरकडचे वृद्ध मराठी गृहस्थ होते. आपली जुनी मराठी ते तमिळ हेलात बोलत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अम्मा, पुण्यात भिंती तुमच्या. भूमी कोणाच्या नावे?"

"ती पुढे सोसायटीच्या नावे होते."

"बहिणीची झाली?"

झाली नव्हती. सहा वर्षे पत्रव्यवहार चालू होता.

"इथे भूमी आधी, भिंती मागून. भूमीचा दस्त नोंदायचा. बांधकामाचा करार वेगळा."

"मग तो करार आधी वाचायचा आहे."

यजमानांनी कपाळाला हात लावला. "अगं, वीस पाने आहेत! भरभर तरी वाच."

"भरभर वाचता येत नाही मला."

बिल्डरच्या माणसाने पिशवीतून करार काढून दिला. दुसरा मजला, आमचा क्रमांक, नकाशा, दोन्ही स्नानगृहे, सर्व जागच्या जागी होते. दोन्ही कागदांतील सर्व्हे नंबर मी अंकाअंकाने ताडून पाहिला. जुळला.

तेव्हा कुठे उलगडा झाला: इथे जमीनच आमच्या नावे होत होती. माझे वडील आयुष्यभर सरकारी निवासात राहिले, सासरे रेल्वेच्या. आमच्या दोन्ही घराण्यांत कोणाच्या नावे वीतभर जमीन नव्हती, आणि मी ती घ्यायला नकार देत बसले होते!

"पेन द्या," मी म्हणाले.

"देवा!" यजमान म्हणाले.

बाराला सहा मिनिटे असताना माझी सही झाली आणि तिच्याशेजारी नोंदणीचा अंगठाही उमटला. घरी न जाता आम्ही बसने थेट जागेवर गेलो. वाळूचे ढीग आणि पायाचे खड्डे, एवढेच तिथे होते.

"यातला आपला तुकडा कुठला?" यजमानांनी विचारले.

"वेगळा दाखवता येत नाही. सगळीकडे थोडा थोडा आहे."

"मग सगळीकडे जाऊन पाहायला हवे," ते म्हणाले आणि भर उन्हात चपला काढून चालू लागले. मीही निघाले, कुंपणाच्या कडेकडेने, दस्तातल्या चतुःसीमांच्या क्रमाने, आधी पूर्वेकडून.