भिंतीसकट चित्र

वकीलसाहेबांचा मला अजून राग येतो. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी येतो.

चाळीस सालानंतरची गोष्ट. कळंबकडच्या आमच्या गावातला पहिला बी. ए. मी, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. वकीलसाहेबांचा कर्जतला बंगला. दिवाणखान्यात इटलीतल्या चित्रांच्या छापील नकला, सोनेरी चौकटींत. नव्या शाळेत मास्तर म्हणून माझं नाव तेच सुचवणार होते. त्यांनी मला पाहुण्यांपुढे जुन्या चित्रशाळांवर बोलायला सांगितलं. मी तयारच! अथेन्सच्या टेकडीवर दरवाजालगतच्या दालनात चित्रं कशी मांडत, रोमचे श्रीमंत चित्रांची खोली उत्तरेच्या उजेडाला का ठेवत, पुढे फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्यांनी कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर चित्रं कशी लावली, सगळं सांगितलं. शेवटी ऐटीत म्हणालो, स्पार्टातल्या विटांच्या भिंतींवरची चित्रं रोमच्या लोकांनी भिंतीसकट कापली, लाकडी चौकटींत बसवली आणि रोमला नेली. त्या लुटीला मी कलाप्रेम म्हणालो! टाळ्या पडल्या.

महिनाभरानं साहेब आमच्या घरी आले, शाळेचं जमत आलंय म्हणून सांगायला. चहा घेताना त्यांची नजर ओटीवरच्या पिठोरीवर गेली.

आई दर श्रावणी अमावास्येला तांदळाच्या पिठानं ती भिंतीवर लिहायची. सूर्य, चंद्र, देवी, आणि खाली तिची पोरं. आम्ही चौघं, शिवाय लहानपणी गेलेल्या दोघी बहिणी. पोरांना आयुष्य मिळावं म्हणूनच ती पूजा. वर्षभर चित्र भिंतीवर राहायचं, पुढच्या अमावास्येआधी सारवायचं, मग नवं. मी बी. ए. झालो तेव्हापासून आई मला इतरांपेक्षा वीतभर मोठा काढायची, हातात पुस्तक देऊन.

फाल्गुनात साहेब पुन्हा आले. सोबत सुतार, करवत आणि तयार सागवानी चौकट.

"मास्तर, तुमच्या त्या स्पार्टासारखं करू!"

रोमचे लोक निदान लढाई जिंकून तरी आले होते. हे आमच्याकडे चहा पिऊन गेले होते!

"काय म्हनतान रं?" आईनं मला विचारलं.

"भिंत कापून नेतो म्हणतात. काचेत ठेवणार."

"नवी कुडाची भिंत बांधून देतो, बाई," साहेब म्हणाले. "येत्या श्रावणात तुम्ही हे सारवूनच टाकणार. मग वाया कशाला घालवता?"

"वाया? माझी पोरं हायेत ती, सायेब. तुमच्या घरात नायत का पोरं, म्हून दुसऱ्याची टांगताव?"

सुतार खोकल्याचं निमित्त करून हसला. साहेब लाल झाले. "समजवा यांना. तुम्ही शिकलेले आहात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी करवतीकडे पाहिलं. शाळा डोळ्यांपुढे होती.

ती आत गेली, शेणाचा काला घेऊन आली आणि सारवायला लागली. सूर्य, चंद्र, देवी. मग दोघी बहिणी, मग धाकटी भावंडं. शेवटी मी. अमावास्येला अजून सहा महिने होते. असं अर्ध्या वर्षात तिनं कधीच सारवलं नव्हतं.

"अडाणीपणा!" साहेब ओरडले.

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "अडाणी मी, साहेब. दुसऱ्याची भिंत कशी कापून न्यायची ते तुम्हाला मीच शिकवलं."

ते रिकामी चौकट घेऊन गेले. शाळेत दुसऱ्याच कुणाची नेमणूक झाली. त्याचं दुःख मी केलं नाही. पण माणूस आमच्या ओटीवर उभा राहून माझ्या आईला अडाणी म्हणतो, आणि मी एवढ्या उशिरा बोलतो?

त्या श्रावणात आईनं नवी पिठोरी लिहिली. मी शेजारीच उभा होतो. चित्रातल्या माझ्या हातात तिनं पुस्तक दिलं. उंची मात्र भावंडांएवढीच ठेवली.