डावे डोळे आधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, गणपतीलाही नाही – आणि त्याला सांगायचं तरी काय? तो तिथेच फळीवर बसून सगळं बघत होता. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण एक आधीच बजावून ठेवते – मी रडणार वगैरे नाही. रडायचं असतं तर पाच वर्षांपूर्वीच रडले असते.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. अंगाला रंग कुणीही देतं, आता तर स्प्रेने देतात, पण डोळे हातानेच. त्यामुळे आखणीवालीचा कारखान्यात जरा तोरा असतो. माझाही आहे. सव्वीस वर्षं पाठ मोडून कमावलाय, का नसावा?

आता बेंजोचं सांगते. तुमच्या लहानपणी तुमचे लाडके कोण असतील ते असतील, आमच्या खाडीकाठच्या गावात एकच – एक बेंजो पार्टी. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांना यात कशाला ओढू? वडील मिठागरावर कामाला होते. घरात एक टेप आणि एकच कॅसेट. कव्हरवर पांढऱ्या पँटी घातलेले सात जण, मधला बेंजो मांडीवर घेऊन बसलेला. त्या कव्हरकडे बघत मी जेवायचे. ही पार्टी आसपासच्या गावांत हळदीला वाजवायला यायची, पण दुसऱ्या गावची हळद बघायला पोरींना कोण सोडतंय? भाऊ जायचे आणि दुसऱ्या दिवशी रंगवून सांगायचे. मी ऐकायचे आणि जळायचे. माझ्या हळदीला हीच पार्टी आणा म्हटलं तर सगळे हसले. माझ्या हळदीला स्पीकर लागला.

पुढे कळलं की ते दरवर्षी दहीहंडीला रोह्यात वाजवतात. रोहा काय लांब आहे? रामवाडीच्या स्टँडवरून एसटीत बसलं की झालं. पण दहीहंडी म्हणजे आमचा ऐन सीझन. गणपती तोंडावर, फळ्या भरलेल्या, त्यात आखणीवाली सुट्टी मागणार? एकवीस वर्षं मी मागितली नाही. बाविसाव्या वर्षी मागितलीही नाही – सरळ खोटं बोलले. आई न्हाणीत पडली म्हणाले. आई धडधाकट होती, अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली असेल. त्या वर्षी पार्टी बंद पडणार होती, बेंजो वाजवणारा मास्तर आजारी होता, असलं काहीही नव्हतं. मला जायचं होतं. बस्स.

शेठ म्हणाले, जा, पण उद्या सकाळी टेंपो येतोय, आखणी उरकून जा.

इथे वैजू येते. वैजू गागोद्याकडची, भाताच्या शेतीच्या घरातली, तेव्हा बावीस वर्षांची. तीन सीझन तिने माझ्या हाताखाली घासकाम केलं – पॉलिश पेपरने मूर्ती गुळगुळीत करायचं काम, नाकातोंडात सगळी धूळ. त्या वर्षी मीच शेठच्या मागे लागून तिच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला होता. फळ्या मीच वाटायचे. त्या दिवशी खालची फळी तिला दिली, मधली मी घेतली. कोणती कुणाची हे शेठला माहीत नसायचं.

आखणीचा एक नियम आहे. एका मूर्तीचे दोन्ही डोळे एका बैठकीत काढायचे, मगच पुढच्या मूर्तीला हात लावायचा. का? कारण दोन्ही बुबुळांनी एकाच माणसाकडे बघायला हवं. हा नियम मी वैजूच्या डोक्यात ठोकून ठोकून भरला होता. आणि त्या दिवशी – एकची गाडी गाठायची म्हणून – मी चौतीस मूर्तींचे आधी डावे डोळे काढले. ओळीने. मग उलट फिरून सगळे उजवे. भरभर होतं तसं. वैजू खालून बघत होती. मी हात धुतले नि निघाले.

आणि रोहा! काय सांगू तुम्हाला? मंडप, हंडीला लोंबणारी केळी, पोलिसांच्या शिट्ट्या, आणि एका ट्रॉलीवर ते. सातातले तिघंच जुने होते. मधल्याने केस रंगवलेले, डोळ्यांवर चष्मा, पण मांडी तीच. त्याने आमच्या कॅसेटवरचं पहिलंच गाणं धरलं आणि मी गर्दीतून वाट काढत थेट ट्रॉलीपाशी गेले. आमची कॅसेट एकदा टेपमध्ये अडकली होती, वडिलांनी तेवढा तुकडा कापून पट्टी जोडली होती. त्यामुळे आमच्या घरात ते गाणं मध्येच उडी मारायचं. त्या दिवशी मी उडीची वाट बघत उभी – आणि तो वाजवतच राहिला. मधला सबंध तुकडा, मी जन्मात न ऐकलेला. मी नाचले. सत्तेचाळीसाव्या वर्षी, अनोळखी बायकांमध्ये, नखांत काळा रंग घेऊन नाचले. इतकी खूश मी ना त्याआधी होते ना त्यानंतर. याचा मला पश्चात्ताप व्हायला हवा? होत नाही. आईच्या नावाने खोटं बोलले त्याचाही नाही. कुणी उद्या म्हटलं चल, तर आज चप्पल घालीन.

पण मी हे सांगायला बसलेलेच नाही. बघा, अजून टाळतेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो दारात उभा. शेठ फळ्यांसमोर फिरत होते. मधल्या फळीपुढे थांबले. चौतीस गणपती, आणि एकही समोर बघत नव्हता. कुणाचा डावा दाराकडे, कुणाचा उजवा छताकडे.

"ही मधली फळी कोनाची?" शेठ म्हणाले.

मी म्हणू शकले असते, माझी. काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या. सव्वीस... नाही, तेव्हा एकवीस वर्षांची माझी इज्जत, एका दिवसाने जाते थोडीच? पण मी म्हटलं,

"नवीन हाय ती, शेठ. शिकंल हळूहळू."

बघितलंत? वैजूचं नावही घेतलं नाही. वर तिची बाजू घेतल्यासारखं बोलले. वैजूने मान वर केली. "ताई –" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "तू गप गो. मी बोलते शेठशी." आणि ती गप्प बसली, कारण गप्प बसायलाही मीच शिकवलं होतं.

चौतीस मूर्तींचे डोळे पुसून मी पुन्हा काढले. टेंपो दुपारी सुटला. वैजूच्या हातातला ब्रश गेला, पॉलिश पेपर आला. सीझन संपल्यावर ती आलीच नाही. आता कोलाडला हायवेच्या एका हॉटेलात भाकऱ्या थापते. एकदा एसटी तिथे थांबली होती, खिडकीतून दिसली. मी खाली उतरले नाही. मला भूक नव्हती, म्हणा हवं तर.

यंदा मला जवळचं दिसेना. चष्मा लागला. शेठनी आषाढातच विचारलं, "दुसरा हात लागंल. ती वैजू व्हती, तिला बोलवू काय?"

मी म्हटलं, "नाय शेठ. तिच्या हाताला वळन नाय."

आता तुम्ही म्हणाल, पकडली जायची भीती वाटली असेल. कसली भीती? ते चौतीस गणपती कधीच पाण्यात विरघळले. वैजू पाच वर्षं बोलली नाही, ती आता काय बोलणार? भीती नव्हती. खरं ते आता सांगते.

त्या सकाळी शेठ येण्याआधी मी कारखान्यात पोचले होते. वैजूची खालची फळी बघितली. पहिल्यांदाच ब्रश धरलेल्या पोरीने काढलेले डोळे. मी दारात उभी राहिले, ते माझ्याकडे बघत होते. मोरीपाशी गेले, तरी माझ्याकडेच. माझ्या हाताने असे डोळे कधी उतरले नाहीत. माझ्या सगळ्यात चांगल्या दिवशीही नाहीत.

मी "नवीन हाय ती" म्हटलं, तेव्हा शेठनी खालच्या फळीकडे बोट दाखवलं आणि सगळ्या कारखान्यादेखत वैजूला म्हणाले, "हे बघ. याला म्हनतात आखनी. ताईकडून शीक जरा."

आणि मी मान खाली घातली. कौतुक झाल्यावर घालतात, तशी.