दहापैकी किती दुखतंय

मंगळवारी सकाळी मल्लेश्वरमच्या बाजारात पडले. फुटपाथची फरशी हलली, मी उजवा हात टेकला, आणि मनगट वाकलेल्या पळीसारखं झालं... हे डाव्या हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

सून वैदेही ऑफिस टाकून धावत आली. ऑटोत घालून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं.

तिथल्या सिस्टरने विचारलं, "अज्जी, दुखतंय किती? शून्य ते दहा, नंबर सांगा." मी म्हटलं, दोन.

आता काय सांगायचं... आमच्याकडे बायका दुखणं बोलत नाहीत. माझी आई बाळंत व्हायच्या दिवशीही दुपारपर्यंत जोंधळे पाखडत होती. त्यात सून शेजारी उभी. तिच्यासमोर कण्हू? आणि दहा नंबर मरणाऱ्यांसाठी ठेवायला नको?

"आई, खरं सांगा ना," वैदेही कुजबुजली. मी डोळे वटारले.

सिस्टरने दोन लिहिलं आणि आम्हाला बाकावर बसवलं. मागून घोटा मुरगळलेला एक धडधाकट गडी 'नऊ, नऊ' करत आला, तो माझ्या आधी आत गेला. मी मनात म्हटलं, याच्या आईने याला फार लाडावलंय.

तासभर झाला असेल. मग गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड, हातात टॅब्लेट घेतलेली एक मुलगी आली. कन्नडमध्ये म्हणाली, हात-पाय मोडून येणाऱ्यांकडे इथे नीट लक्ष देतात का, ते आम्ही मोजतो. दुखण्यावर औषध किती वेळात दिलं, एक्स-रे कधी काढला, असं.

"दुधात पाणी किती ते मोजतात, तसं?" मी विचारलं. हसली. म्हणाली, "सरी अज्जी, बरोबर, तसंच."

मग टॅब्लेटमध्ये बघून तिने कपाळाला आठी घातली. "तुम्ही दोन सांगितलंय. या हाताने आत्ता चहाचा कप उचलाल?"

"वेड लागलंय का तुला?"

"बोटांना मुंग्या?"

मुंग्या तर कधीच्या गेल्या होत्या. अंगठा आणि शेजारची दोन बोटं माझी नसल्यासारखी झाली होती. तेवढं सांगितलं मात्र, पोरगी पुढचा प्रश्न न विचारताच आत पळाली.

डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला, हाड ओढून बसवलं, प्लास्टर घातलं. म्हणाले, हाडाखाली नस दाबली गेली होती. आणखी उशीर झाला असता तर बोटं कायमची बधिर राहिली असती... या वयात दुसऱ्याच्या हातून जेवायचं म्हणजे माझं मरणच की!

हळूहळू अंगठ्यात जीव आला. ती मुलगी परत आली तेव्हा तिला म्हटलं, "लिहून टाक, औषध वेळेत मिळालं. खोटं मी बोलले, त्या सिस्टरच्या माथी नको."

ती म्हणाली, "नाही अज्जी. उशीर झाला, उशीरच लिहिणार. तुम्ही काहीही सांगा, बोटं बघायचं काम आमचं होतं."

स्वतःच्याच हॉस्पिटलची चूक अशी सरळ लिहिणारी पोरगी... मला ती तिथेच आवडली. नाव विचारायचं राहिलं. कुणाची लेक असेल तिचं भलं होवो.

आज सकाळी वैदेही माझी वेणी घालत होती. केसात गुंता होता, तिने कंगवा ओढला.

"दुखलं गं," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. लग्न होऊन अठरा वर्षं झाली तिला, माझ्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं म्हणाली. मग एकेक बट हातात धरून सोडवत बसली... ऑफिसला उशीर झाला तरी.