ॲरन बेटावरची घागर

पाडव्यानंतर मुलाने मला ग्लासगोला नेलं. एकटी धुळ्यात काय करशील, म्हणाला. ह्यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे गेले तेव्हा मुलगा जवळ नव्हता. त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात कुठल्याशा ऑफिसात अडकलेला. शिंदखेड्याच्या पुतण्याने अग्नी दिला आणि मुलाने तो मोबाइलवर पाहिला. यात त्याची काही चूक नव्हती, हे मला कळत होतं. पण राग काय कागदपत्रं बघून येतो का? मला त्याचा राग होता आणि तो मी उराशी धरून विमानात बसले.

तिथे त्याने सुट्टी काढली आणि मला बोटीने ॲरन नावाच्या बेटावर नेलं. बेट खरंच देखणं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ढगात डोकं घातलेले डोंगर, मधे गवतात मेंढ्या. माणूस मात्र दिसेल तर शपथ. आम्ही एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. मुलगा दर वळणावर गाडी थांबवून म्हणायचा, "आई, बघ." मी बघायचे. पण डोक्यात एकच होतं. परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाची घागर भरतात. मातीची नवी घागर, पाण्याने काठोकाठ, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा, त्याला आगारी म्हणायचं. ह्यांची ही पहिली घागर. घागर मुलाने भरायची असते. मी निघण्याआधीच पुतण्याने मला विचारलं होतं, काकू, आम्ही भरून टाकू का? मी फणकाऱ्याने म्हटलं, "त्यांचा मुलगा जिवंत आहे." आता तो मुलगा मला मेंढ्या दाखवत होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी एका माळावर उभे दगड बघायला गेलो. हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी आपल्या मेलेल्या माणसांसाठी ते रोवलेत, असं मुलगा सांगत होता. तिथे माझा तोल गेला.

"लोकांच्या मेलेल्यांचं बरं ठाऊक आहे तुला," मी म्हटलं. "उद्या आखाजी आहे. तुझ्या बापाला पाणी कोण देणार आहे?"

 विसरला होता, हे तोंडावर दिसत होतं. परतताना त्याने गावातल्या दोन-तीन दुकानांपुढे गाडी थांबवली. मी उतरले नाही.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर डांगर, डब्यातला आंब्याचा रस आणि मातीची एक लालसर कुंडी. हो, कुंडी. झाडं लावतात ती.

"मातीचं दुसरं काहीच मिळालं नाही," तो म्हणाला.

"अरे, तिच्या बुडाला भोक आहे."

"कणकेने बुजवलंय."

मला हसूही येईना आणि रडूही. मी शिरा केला. घरात धूर केला की भोंगा वाजतो, म्हणून त्याने अंगणात पत्र्याच्या ताटलीत कोळसे पेटवले. बारीक पाऊस होता. तो छत्री निखाऱ्यावर धरून स्वतः भिजत बसला. मग कुंडी दगडावर ठेवून त्याने पाणी भरलं, वर डांगर ठेवलं, हात जोडले. मी तुपाची धार सोडली तोवर कणीक भिजून सुटली. कुंडीखालून पाणी वाहायला लागलं.

वर्षाची पहिली घागर अशी गळावी! "राहू दे," मी म्हटलं, "पुतण्याला सांगते, तो भरेल."

त्याने कुंडी उचलून मांडीवर घेतली आणि बुडाखाली तळहात दाबून धरला. पाणी थांबलं. दुसऱ्या हाताने शिऱ्याचा घास निखाऱ्यावर टाकला.

"ठेव आता खाली. किती वेळ धरशील?"

माझ्याशी तो कायम शुद्ध मराठीत बोलतो, कारण मी माहेरची जळगाव शहरातली. अहिराणी फक्त बाप-लेकांची, त्याची आणि त्याच्या आबांची. हे गेल्यापासून त्याच्या तोंडून ती मी ऐकली नव्हती.

"आबास्ले खांदा बी दिधा नही मी," तो म्हणाला. "इतलं तरी धरू दे."

मी छत्री उचलली आणि त्याच्या डोक्यावर धरली. निखारे विझले तरी तो बसून होता. गार पाण्याने हात लाल झाला होता. मी पुन्हा ठेव म्हटलं नाही.

तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. तिकडे दुपार होत आली होती, घागरीसाठी पानं वाढायची थांबली होती. विचारत होता, काकू, काय करू? मुलाचे दोन्ही हात आता कुंडीला धरलेले, म्हणून फोन मी त्याच्या कानाला लावला.

"भाऊ," तो म्हणाला, "आबास्नी घागर मी भरी. तुम्ही जेवी ल्या."