बिनवासाची गोळी

रामाकोन्याची आमची मामी दुखणेकऱ्याची नाडी धरत नसे. ती टाळू हुंगायची. समोरच्याचं डोकं दोन्ही हातांत घेऊन, नाक केसांत खुपसून, डोळे मिटून बराच वेळ तशीच राहायची. अंगणात बसलेली माणसं तेवढा वेळ खोकतसुद्धा नसत. मग ती हळूच म्हणायची, "बंद विहिरीचा वास येऊन राह्यला." म्हणजे त्या माणसाला उदासी लागली आहे.

औषधं ती वैद्य असलेल्या वडिलांकडून शिकली होती. ब्राह्मीचा रस, शंखपुष्पीचा काढा, दुधात अश्वगंधा, झोपेसाठी जटामांसी. हुंगणं मात्र तिचं स्वतःचं. जामसांवळीच्या देवाचं दर्शन घेऊन परतणाऱ्या बायाही तिच्याकडे थांबत. त्यांना ती सांगायची, "देवाचं देवाले, माझं मले. काढा रोज घेजो." बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाया तिच्या हातून उठून कामाला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. ज्या उठल्या नाहीत, त्यांच्याबद्दल ती बोलत नसे.

तिचा नवरा, आमचे मामाजी, नागपुरात सरकारी कचेरीत होते. राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचा मुलूख मध्यप्रदेशात राहिला आणि मामाजींची बदली भोपाळला झाली. संत्र्याचा बगिचा सोडून मामी कुठे जाणार? मामाजी एकटेच गेले. सुटीत येताना ते पांढुर्ण्याला उतरत. मी तिथे मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझ्याकडे चहा घेऊन पुढे गावी जात.

एकदा दुपारी मी त्यांना आणायला स्टेशनवर गेले. ते ट्रंक घेऊन उतरले आणि डब्याच्या खिडकीकडे बघत उभे राहिले. गाडी सुटली, दिसेनाशी झाली, तरी हलेनात.

"चला ना, मामाजी."

"थांब. मी उतरलोच नाही अजून."

मी हसले. ते हसले नाहीत. रुळांकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, "त्या खिडकीत बसून होता ना, तो मी. गेला गाडीसंगं."

मी त्यांना घेऊन रामाकोन्याला गेले. मामीने त्यांचं डोकं हातांत घेतलं आणि लगेच सोडलं. तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागोमाग स्वयंपाकघरात गेले तर ती चुलीपुढे नुसती उभी होती. म्हणाली, "वासच नाही वो. रिकाम्या डब्यावानी."

हिवाळाभर तिने तिच्याजवळचं सगळं दिलं. जटामांसीने मामाजी झोपत, पण जेवत नसत. ताट सरकवून म्हणत, "ज्याले जेवाचं तो आला नाही." मामी काढा आणखी आटवायची. घरभर कडू वाफ कोंडलेली असायची आणि त्या वाफेत मामाजी दाराकडे बघत बसलेले, कोणीतरी येणार असल्यासारखे.

एका रविवारी सकाळी मी तिथेच होते. मामाजी घरात दिसेनात. बगिच्यातल्या विहिरीच्या काठावर त्यांची टोपी होती. आत, शेवटच्या पायरीवर ते छातीभर पाण्यात बसले होते आणि पाण्याशी हलक्या आवाजात बोलत होते. मामी लुगड्यानिशी खाली उतरली आणि त्यांच्या शेजारी पाण्यात बसली.

"कायले आले इथं?"

"बोलावलं मले."

"कोणं?"

"मीच."

तिने त्यांना हात धरून वर आणलं. त्याच दिवशी अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने आम्ही त्यांना नागपूरला नेलं.

मनाच्या रोगांचा डॉक्टर तरुण होता. उदासीवरच्या गोळ्या तेव्हा नव्यानेच निघाल्या होत्या. तो म्हणाला, काढे सध्या बंद करा, दोन्ही एकत्र नको. गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर यांना एकटं सोडू नका. मामीने गोळी नाकाशी धरली.

"याले तं वासच नाही."

"नसू दे, बाई. काम करते का ते बघू."

"अन् नाही केलं तं?"

"तर दुसरं काही बघू. पण तुम्ही परत या."

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "म्या तं सांगतलं असतं, नक्की बरं होते. हा तसा बोलला नाही." त्या एका गोष्टीवर तिने त्याच्यावर विश्वास टाकला. जटामांसीची बरणी माळ्यावर चढली.

मामाजींचं तोंड कोरडं पडे, हात थरथरत. बाकी काही फरक दिसेना. मामी रोज स्वतःच्या हाताने गोळी द्यायची आणि त्यांना नजरेआड होऊ द्यायची नाही. मग एका दुपारी ते जेवताना म्हणाले, "वरणात मीठ कमी आहे." मामीने मीठ वाढलं, तोंड पदरात लपवलं आणि मला म्हणाली, "उतरले वो गाडीतून."

पुढेही लोक तिच्याकडे येत. झोप उडालेल्याला ती काढा द्यायची. मरणाचं बोलणाऱ्याला बसवून न ठेवता नागपूरला पाठवायची. म्हणायची, "माझं औषध माणूस घरात असला तं लागते. बाहेर गेलेल्याले आणाले दुसरा पाह्यजे."

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात मामी तापाने गेली. आम्हा सगळ्यांचं लक्ष मामाजींवर. तेराव्याला पंगत उठली होती, आणि मामी गेल्याचं माहीत नसलेली एक बाई तरुण मुलीला घेऊन दारात आली. मुलगी मान खाली घालून उभी होती. कोणीतरी त्यांना परत पाठवणार, तेवढ्यात मामाजी उठले. त्यांनी मुलीला पाणी दिलं.

ती प्यायली नाही. म्हणाली, "काका, मले कोणी खालून हाका मारते. तुमाले आयकू येते?"

मामाजींनी खरोखर कान देऊन ऐकलं.

"आता नाही येत," ते म्हणाले. "येत होत्या. नागपूरच्या गाडीले वेळ आहे अजून. चप्पल घाल, मी येतो संगं."