बिनमुकुटाचा गरुड

ती घटना माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळातली. ती आठवली नाही असा आठवडा सहसा जात नाही. गुन्हा कोकणातल्या माणसांवर झाला, उघडकीला आला संयुक्त अरब अमिरातीत, आणि त्याचा धागा सापडला पोलंडच्या एका निवृत्त कारकून बाईंना. माझा वाटा त्यात थोडा होता. तपासाचं कौतुक मात्र बरंचसं माझ्या नावावर जमा झालं, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी तेव्हा कोकणातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मुलीच्या बाळंतपणासाठी अर्जित रजा आणि परदेशप्रवासाची रीतसर परवानगी घेऊन पत्नीसह अबुधाबीला आलो होतो. मुलगी आणि जावई अल रीम आयलंडवर एका उंच इमारतीत राहतात. नातवाच्या बारशाची तयारी चालू असताना एका दुपारी आमच्या ठाण्याच्या हवालदाराचा फोन आला.

"साहेब, आपल्या हद्दीतली एक आई येऊन बसलीय. मुलगा शारजात वेल्डर आहे. पोलंडला नोकरी लागली म्हणतो आणि फोनवर रडतो. गुन्हा कसला नोंदवायचा तेच कळेना. तुम्ही तिकडेच आहात म्हणून फोन केला."

मी मुलाचा नंबर लिहून घेतला. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, यू आर ऑन लीव्ह. इथे तुम्ही इन्स्पेक्टर नाही, व्हिजिट व्हिसावरचे पाहुणे आहात."

तिचं बरोबर होतं. तरी जावयाला घेऊन मी सुट्टीच्या दिवशी शारजा औद्योगिक क्षेत्रात गेलो. गॅरेजांच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीत वेल्डर आणि त्याचे सहा सोबती बसले होते. सगळे आमच्याच भागातले. मला बघून सगळे उठले.

"साहेब, बसा. चहा टाकतो."

"चहा नंतर. आधी काय झालंय ते सांग."

एका मराठी दलालाने त्यांना पोलंडच्या कारखान्यात कामाचे परवाने आणून दिले होते. त्या भरवशावर सातही जणांनी राजीनामे दिले, इथला व्हिसा रद्द झाला. व्हिसाच्या शिक्क्यासाठी म्हणून दलालाने पासपोर्ट नेले ते नेलेच. इथे राहण्याची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

"परवा विमान आहे म्हणतो," वेल्डर म्हणाला, "पण तिकीट पोलंडचं नाही, तिसऱ्याच देशाचं. तिथून गाडीने जंगलापर्यंत नेणार आणि पुढे चालत जायचं म्हणे. साहेब, नोकरीला कोणी चालत जातं का?"

"त्याला विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाला, सरकारी शिक्का दिसत नाही का? मग काय बोलणार?"

शिकवून आणलेली माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात, हा माझा अनुभव. इथे प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवत होतं, आणि एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. ही माणसं खरं बोलत होती. पण परवाने खोटे आहेत हे सिद्ध कसं करायचं? पोलिश भाषेचं एक अक्षर मला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमधल्या पोलिश बाई बाळासाठी विणलेले लोकरीचे मोजे घेऊन आल्या. वय सत्तरीच्या आसपास. इंजिनीअर मुलाकडे राहायच्या. पोलंडमध्ये एका प्रांताच्या सरकारी कार्यालयात त्यांची सगळी नोकरी झाली होती. मी शारजाहून आणलेल्या परवान्यांच्या प्रती संकोचत त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"या गरुडाच्या डोक्यावर मुकुट नाही."

"म्हणजे?"

"आमच्या राजचिन्हातल्या गरुडाला मुकुट असतो. कम्युनिस्ट राजवटीने तो काढला. राजवट गेली, निवडणुका झाल्या आणि मुकुट परत आला. देशाचं नावही बदललं. या शिक्क्यावर मात्र जुनंच आहे. आमच्या ऑफिसातले जुने शिक्के मोजून पेटीत मीच भरले होते. हा शिक्का आज कोणी मारूच शकत नाही."

मग त्यांनी खालचं कार्यालयाचं नाव वाचलं आणि त्या हसल्या. लोकशाही आल्यावर काही वर्षांनी तिथल्या एकोणपन्नास प्रांतांचे सोळा करण्यात आले होते. ज्या प्रांताच्या कार्यालयाने हा परवाना दिला होता, तो प्रांतच अस्तित्वात नव्हता.

मी त्यांना हे लेखी देता का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "लेखी देते, आणि सोबतही येते. कागदाला कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला माणूस नको का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात तक्रारदार, बाई आणि मी शारजाच्या पोलीस ठाण्यात हजर झालो. तिथला अधिकारी वयाने तरुण, पण वागण्यात पोक्त होता. त्याने सगळ्यांना पाणी दिलं, बाईंचं म्हणणं दुभाष्यामार्फत सावकाश ऐकलं आणि दलालाला बोलावून घेतलं. मराठी जबाब समजावून देण्यापुरतं मला बसू दिलं. अधिकार सगळा त्यांचा होता.

दलाल इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी मराठी आहे हे ओळखून मराठीत म्हणाला, "साहेब, आपलीच माणसं आहेत. भलं करायला गेलो हो मी."

अधिकाऱ्याने पासपोर्ट कुठे आहेत ते विचारलं. "वकिलातीत," दलाल पटकन म्हणाला. पावती मागितल्यावर त्याने कंपनी, वकिलात, ओळखी असं बरंच सांगितलं. आवाज चढवून नव्हे, अगदी गोड बोलून. अर्धा तास असा गेला. मग बाईंनी पर्समधून दोन नाणी काढून टेबलावर ठेवली. एक जुन्या राजवटीचं, एक आजचं. अधिकाऱ्याने परवाना त्यांच्याशेजारी सरकवला.

"हबीबी, बघ. या पक्ष्याचा मुकुट कुठे गेला?"

दलालाने दोन्ही नाणी निरखून पाहिली. मग त्याने पाणी मागितलं. माझ्या नोकरीत असं पुष्कळदा पाहिलं आहे: रचून आणलेलं संपलं की माणूस पाणी मागतो. दलाल पाणी प्यायला आणि मान खाली घालून म्हणाला, "मला पोलंड नकाशात दाखवता यायचं नाही, साहेब. कागद मुंबईहून तयार होऊन येतात. पासपोर्ट खोर फक्कानला आहेत, मेहुण्याच्या टायरच्या दुकानात."

संध्याकाळपर्यंत सातही पासपोर्ट टेबलावर आले. वेल्डरने आपला उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि तिथेच आईला फोन लावला. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि मी सांगितलं, "मुलगा सुखरूप आहे." दलालाला तिथल्या पोलिसांनी ताब्यात घेतलं. आमच्या ठाण्यात फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला, मुंबईच्या मुख्य आरोपीला पुढे अटक झाली. सातांपैकी चौघांना जुन्या मालकाने परत कामावर घेतलं. तिघे मुदतीत घरी परतले.

तिघे निघण्यापूर्वी सातही जण खजुराचा डबा आणि कोकम सरबताची बाटली घेऊन बाईंचे आभार मानायला आले. सोफ्यावर कोणी बसेना. बाईंनी हाताला धरून एकेकाला बसवलं. सरबत पिताना मी विचारलं, राजवट बदलली तेव्हा तुमच्या ऑफिसात काय बदललं?

त्या म्हणाल्या, "सुरुवातीला काहीच नाही. टेबलं तीच, माणसं तीच, मीसुद्धा तीच. मग एक दिवस मी एका गृहस्थांचा अर्ज नाकारला. पूर्वी लोक मुकाट्याने निघून जायचे. ते गेले नाहीत. म्हणाले, बाई, कोणत्या नियमाने? मला संताप आला. घरी गेल्यावर कळलं की तो संताप नव्हता. मला नियमच माहीत नव्हता, म्हणून मी घाबरले होते. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून वाचलं आणि त्यांना बोलावून घेतलं. त्यांचं बरोबर होतं."

मी हे सगळं त्या सातांना मराठीत सांगितलं. सांगताना मला एक गोष्ट बोचत राहिली. शिक्का बघून ही माणसं गप्प बसली, ती सवय त्यांना दलालाने लावली नव्हती. आमच्या ठाण्याच्या पायरीवर, आमच्यासारख्यांचा आवाज ऐकून ती लागली होती.

रजेवरून हजर झाल्यावर मी ठाणे अंमलदाराला सांगितलं की प्रत्येक फिर्याद सहीआधी फिर्यादीला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवायची. कायद्यात हे होतंच. आम्ही घाईत उरकत होतो. पहिल्याच दिवशी मासळी विकणाऱ्या एका बाई फिर्याद ऐकता ऐकता मध्येच म्हणाल्या, "थांबा. असं मी बोलले नव्हते."

अंमलदाराने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी त्या पोलिश बाईंचे मनातल्या मनात आभार मानले आणि म्हणालो, "त्या सांगतील तसं लिहा."