रोज्याची संध्याकाळ

नईमा मॅडमनी हयातभर अकोल्याच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर नातवंडं खेळवायची सोडून त्यांनी एका छोट्या संस्थेचं काम अंगावर घेतलं. अन्नाशी वैर धरून बसलेल्या पोरींना डॉक्टरपर्यंत पोचवायचं, हे ते काम. आधी त्यासाठी नागपूर गाठावं लागे. आता संस्थेच्या खोलीत शनिवारी अमरावतीहून डॉक्टरबाई येतात. पण पोरीनं स्वतः हो म्हटल्याशिवाय तिला न्यायचं नाही, हा मॅडमचा हट्ट. ओढून आणलेली पोर पुन्हा येत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

तेल्हाऱ्याच्या अबोलीकडे त्या ऐन रमजानात गेल्या. भर दुपार होती. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडचा कापूस रस्त्यावर तरंगत होता, आणि उपाशीपणाचं ते हलकेपण मॅडमच्या अंगात भरलं होतं. घरं, माणसं, सगळं लांबचं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

अबोलीचे वडील रविकांत गुरुजी पूजा सांगतात. पोरीनं आधी सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या. आळीतल्या बाया म्हणाल्या, देवाची पोर आहे. झालं, आजाराला पाट-रांगोळी मिळाली. पुढे साबुदाणाही सुटला, केस गळाले, कॉलेजात चक्कर आली, तेव्हा कुठे आई रमानं संस्थेला फोन केला.

रमानं पाणी पुढे केलं.

"रोजा हाये, वहिनी," मॅडम म्हणाल्या.

खाटेवरची अबोली गालात हसली. तिची बांगडी पार कोपरापर्यंत सरकली होती. "पाय आई, मॅडमबी उपाशी हायेत. त्यायले कोनी आजारी म्हनते काय?"

रमाचा चेहरा उतरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मॅडमना स्वतःलाच वाटलं आणि लाज वाटली. त्यांनी वाद घातला नाही. परतीची बस जाऊ दिली आणि तिथंच बसून राहिल्या.

उन्हं कलली. खिडकीतून कापसाचा एक पुंजका आत आला आणि खोलीभर फिरत राहिला.

"डोकं कसं हलकं होऊन जाते, नाई?" मॅडम म्हणाल्या.

अबोलीनं चमकून पाहिलं. हे तिला कुणीच कधी विचारलं नव्हतं. "हो. मंग वाटते, आता मले कोनी हात लावू शकत नाई."

"मले ठावं हाये."

दूरवर अजान झाली. मॅडमनी डबीतला खजूर काढला, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला. मग पाणी प्यायल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, आणि अबोली तो बघत राहिली. रमा दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

"बेटा," मॅडम म्हणाल्या, "माह्या रोज्याले संध्याकाळ असते. आजारी पडलो त रोजा माफबी असते. तुह्या उपासाची संध्याकाळ कवा होते?"

मॅडमनी दुसरा खजूर अबोलीच्या तळहातावर ठेवला. तो तिनं तोंडाशी नेला, आणि तिचा हात तसाच खाली आला.

"होतच नाई, मॅडम," ती म्हणाली आणि रडू लागली. "मी रोज सोडाले जातो, मले सोडताच येत नाई. शनिवारी न्या मले."